अर्थसल्ल्यातील अर्थ

वधू-वर परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेत मुलाच्या नावापुढे कापड दुकान, सी.ए. किंवा धान्याची अडत असे काही छापलेले असले, की पालकांना पुढे फारसे विचारावे लागत नाही. त्याच जागी ‘अर्थसल्लागार’ हा शब्द आला, तर मात्र चष्मा थोडा वर करून एक प्रश्न हमखास येतो, “म्हणजे एजंट का?”

विचारणाऱ्याच्या मनात तुच्छता असतेच असे नाही. दलालीला कमी लेखणे ही आपल्या व्यापारी घरांची रीत नव्हे. धान्यबाजार असो की सराफकट्टा, दलालावाचून सौदे होत नाहीत, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. पण दलाली कोण देणार, हे ठरल्यावाचून आपण सौदाही करीत नाही. तोच चोखंदळपणा या प्रश्नामागे असतो. हा माणूस माझ्या बाजूने बसलेला आहे, की माल विकणाऱ्याच्या?

‘अर्थ’ या शब्दाला आपल्या भाषेत पैसा आणि आशय असे दोन्ही अर्थ आहेत, ही गोष्ट या व्यवसायात पडलेल्या तरुणांना कधी ना कधी आठवतेच. दुकानाची गादी थोरल्या भावाने सांभाळली, धाकट्याने वाणिज्य शाखेची पदवी घेतली, परीक्षा देऊन छोटेसे कार्यालय थाटले. पहिले ग्राहक मामा, काका, आतेभाऊ आणि शाळेतील मित्र. पाच-सात वर्षांत उत्पन्न बरे होते, आणि मग एखाद्या संध्याकाळी मनात येते : दिवसभर दुसऱ्याच्या पैशाची बेरीज-वजाबाकी केली, यात आपण नेमके काय केले? औषधांचे दुकान चालवणाऱ्या भावाला हा प्रश्न पडत नाही. त्याच्याकडून औषध घेऊन गेलेला माणूस आठवड्याने बरा होऊन समोरून जाताना दिसतो. सल्लागाराच्या कामाचे फळ वीस-वीस वर्षे दिसत नाही, आणि दिसते तेव्हा ते त्याचे आहे की बाजाराचे, हे कोणाला सांगता येत नाही.

या शंकेला इतिहास आहे, तो थोडा समजून घेतला पाहिजे. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि पुढील कित्येक दशके मध्यमवर्गीय घरात येणारा एकमेव ‘अर्थसल्लागार’ म्हणजे विम्याचा एजंट. त्याने खेडोपाडी विमा पोचवला, हे त्याचे ऋण मान्य करावे लागेल. परंतु त्याचा मेहनताना असा बांधलेला होता, की नियमित हप्त्याच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षाच्या हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत कमिशन मिळू शके आणि नंतरच्या वर्षांत ते एकदम खाली येई. साहजिकच जुनी पॉलिसी सांभाळण्यापेक्षा नवी विकण्यात हित. फेब्रुवारी-मार्चमध्ये प्राप्तिकर वाचवण्याच्या घाईत आपल्या किती कपाटांत किती पॉलिसी जमा झाल्या, हे वाचकांनी आपापल्या घरी मोजून पाहावे. म्युच्युअल फंडांतही निराळी स्थिती नव्हती. १ ऑगस्ट २००९ पूर्वी समभागांच्या योजनेत १०,००० रुपये घातले, तर सव्वादोन टक्क्यांपर्यंतचे प्रवेशशुल्क कापून ९,७७५ रुपयेच गुंतत. सेबीने त्या दिवसापासून हे शुल्क बंद केले. १ जानेवारी २०१३ पासून वितरकाचे कमिशन वगळलेल्या ‘डायरेक्ट’ योजना आल्या, आणि त्याच वर्षी गुंतवणूक सल्लागारांसाठी स्वतंत्र नियमावली झाली. २०२० च्या दुरुस्तीने तर रेषा आणखी ठळक केली. एकाच कुटुंबाकडून सल्ल्याचे शुल्क घ्यायचे आणि त्याच कुटुंबाला विकलेल्या योजनांवर कमिशनही घ्यायचे, असे आता करता येत नाही. केवळ वितरक असलेल्याने स्वतःला सल्लागार म्हणवणेही नियमबाह्य ठरले.

तरीही नोंदणीकृत सल्लागारांची संख्या वितरकांच्या तुलनेत फारच थोडी आहे, आणि त्याचे एक कारण आपण ग्राहकच आहोत. डॉक्टरांची फी, वकिलांची फी, सी.ए.ची फी आपण विनातक्रार देतो. पैशाविषयीचा सल्ला मात्र पेढीवर चहासोबत फुकट मिळावा, अशी आपली अपेक्षा असते. बाजारात फुकट काही मिळत नाही, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको. ५० लाखांच्या गुंतवणुकीवर दोन प्रकारच्या योजनांच्या खर्चातील फरक १ टक्का धरला, तरी वर्षाला ५०,००० रुपये होतात. ते पावतीवर दिसत नाहीत एवढेच. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वितरक असण्यात कमीपणा काहीही नाही. आपले कमिशन किती, हे पहिल्याच भेटीत सांगून टाकणारा वितरक, शुल्क घेऊन सर्वांना एकच छापील आराखडा देणाऱ्या सल्लागारापेक्षा मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

ज्या सल्ल्यातून काही मिळत नाही

एका पेढीचा हिशेब उदाहरणादाखल मांडून पाहू. मालकांनी मालासाठी बाजारातून दरमहा शेकडा दीड रुपयाने १० लाख रुपये घेतलेले आहेत. त्याच वेळी घरच्या तिजोरीत तेवढ्याच रकमेच्या मुदत ठेवीच्या पावत्या आहेत, व्याज ७ टक्के. ठेवी वडिलांच्या काळापासून नूतनीकरण होत आलेल्या. त्या मोडायच्या नाहीत, हा घरातला अलिखित नियम. आता गणित करा. कर्जावर वर्षाला १,८०,००० रुपये व्याज जाते, ठेवीवर ७०,००० येते. वर्षाला १,१०,००० रुपयांची गळती, पाच वर्षांत साडेपाच लाख. व्यवसायाच्या कर्जावरील व्याज खर्चात धरता येते आणि ठेवीचे व्याज उत्पन्नात मोजले जाते, त्यामुळे कराच्या हिशेबानेही चित्र फारसे पालटत नाही.

सल्ला एका ओळीचा आहे : घराच्या अडीअडचणीपुरते बाजूला ठेवा, उरलेल्या ठेवी मोडा आणि बाजारातले देणे फेडा. हा सल्ला देऊन वितरकाला काय मिळते? एक रुपयाही नाही. किंबहुना ठेवी मोडल्याच तर ते पैसे आपल्या योजनेत यावेत, अशी त्याच्या मनाची ओढ असणार. त्या कुटुंबाला मात्र कोणत्याही म्युच्युअल फंडाने खात्रीने दिले नसते, एवढे या एका ओळीने मिळते. १८ टक्क्यांचे देणे फेडणे म्हणजे १८ टक्क्यांची जोखीमरहित कमाई, आणि अशी कमाई बाजारात विकत मिळत नाही.

या व्यवसायात आशय शोधणाऱ्या तरुणाने आपल्या वहीत एक रकाना आखावा, असे मला वाटते. या महिन्यात आपण असे किती सल्ले दिले, की ज्यांतून आपल्याला काहीच मिळाले नाही किंवा आपले नुकसान झाले? ‘नवी पॉलिसी नको’, ‘मुलीच्या लग्नाचे पैसे समभागांत घालू नका, लग्न दोन वर्षांवर आहे’, ‘यंदा काहीही करू नका’. हा रकाना वर्षभर रिकामा राहिला, तर मेळाव्यातील तो प्रश्न योग्यच होता असे समजावे.

पेढी आणि घर यांमधील भिंत

नोकरदाराच्या घरी सल्लागाराचे काम तुलनेने सोपे असते. पगार येतो, खर्च होतो, उरलेले गुंतवायचे. व्यापाऱ्याच्या घरी ‘उरलेले’ म्हणजे काय, हेच ठाऊक नसते. किराणा गल्ल्यातून येतो, मुलाच्या महाविद्यालयाची फी उचल म्हणून लिहिली जाते, दिवाळीच्या मालाला पैसे कमी पडले की वहिनींच्या बचत खात्यातून काढले जातात. वर्षाअखेरीस नफा दिसतो, पण तो उधारीत आणि गोदामातल्या मालात अडकलेला असतो. जे घर पेढीशी इतके एकजीव झाले आहे, ते पेढी चालते तोवर आनंदात असते. पेढी अडचणीत आली, की भिंतच नसल्यामुळे पाणी सरळ स्वयंपाकघरापर्यंत येते.

कायदाही येथे मायाळू नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम २५ नुसार भागीदारी पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि एकेकटाही जबाबदार असतो. चुलतभावाने पेढीच्या नावे केलेल्या सौद्याचे देणे तुमच्या राहत्या घरापर्यंत येऊ शकते. खासगी मर्यादित कंपनी केली म्हणून सुटका झाली, असेही समजू नये. बँका कर्ज देताना संचालकांची वैयक्तिक हमी सहसा मागतातच. आणि या सर्वांत नकळत अडकतात त्या घरातील स्त्रिया. ‘येथे सही कर’ म्हटल्यावर कागद न वाचता सही होते. १८७२ च्या करार कायद्यातील कलम १२८ सांगते, की करारात वेगळे ठरलेले नसेल तर हमीदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ज्या पेढीची उलाढाल किती हे त्यांना कधी सांगितलेले नाही, त्या पेढीच्या कोटीभर देण्याला त्या उत्तरदायी झालेल्या असतात. घर तारण असेल, तर २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये ६० दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयात दावा न लावताही, बँक ते ताब्यात घेण्याची कार्यवाही करू शकते.

व्यापारी कुटुंबाच्या सल्लागाराचे खरे काम ही भिंत उभारण्याचे आहे, असे मी म्हणेन. तिच्या विटा अगदी साध्या आहेत. पेढीतून घरासाठी दरमहा ठरलेली रक्कम, पगारासारखी, एकाच तारखेला घरखात्यात जमा व्हावी. घरखात्यातून पेढीला एक पैसाही परत जाऊ नये. हमीच्या कागदांवर कोणाकोणाच्या सह्या आहेत, याची यादी करावी आणि नव्या सह्या थांबवाव्यात. आणि एक वीट अशी आहे, की जी जवळजवळ दीडशे वर्षे पडून आहे आणि आपण क्वचितच उचलतो.

१८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा हे तिचे नाव. त्यातील कलम ६ असे सांगते, की विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्यावर घेतलेल्या विमा पॉलिसीवर ती पत्नीच्या, मुलांच्या किंवा दोहोंच्या लाभासाठी असल्याचे नमूद असेल, तर ती त्यांच्यासाठीचा न्यास मानली जाते. तिच्यावर पतीचा किंवा त्याच्या धनकोंचा अधिकार चालत नाही, ती त्याच्या मालमत्तेत मोजली जात नाही. हा लाभ सुरुवातीला आपल्याकडील सर्व समाजांना स्पष्टपणे नव्हता. १९२३ च्या दुरुस्तीने तो हिंदू, मुस्लिम, शीख आणि जैन यांना लागू करण्यात आला. त्या कलमात ‘जैन’ हा शब्द स्वतंत्रपणे आलेला आहे. ज्या समाजाचे नाव घेऊन कायद्याने हे संरक्षण दिले, त्याच समाजातील असंख्य पॉलिसी या नोंदीविना घेतल्या जातात. पॉलिसी घेतानाच एक जादा अर्ज भरायचा असतो, हप्ता वाढत नाही. आधीच घेतलेल्या पॉलिसीला मात्र ही नोंद नंतर लावता येत नाही.

यावर व्यापाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “मग अडचणीच्या वेळी या पॉलिसीवर कर्ज काढता येणार नाही?” नाही, लाभार्थींना डावलून काढता येणार नाही. भिंत म्हणतात ती हीच. तिला स्वतःच्या सोयीसाठी दरवाजा ठेवला, तर धनकोही त्याच दरवाजाने आत येतील. अर्थात धनकोंना बुडवण्याच्या हेतूनेच पॉलिसी घेतली असेल, तर कायदा संरक्षण देत नाही. म्हणून हे काम पेढी भरभराटीत असताना करायचे असते, आणि तेव्हाच ते करण्याची इच्छा नसते. साध्या मुदत विम्याचा हप्ता कमी, म्हणून कमिशनही बेताचेच. एवढ्यासाठी भरभराटीतल्या माणसाला बुडण्याविषयी बोलून नाराज कोण करणार? जो करतो, तो सल्लागार.

किती पुरे?

इतर समाजांतील सल्लागारांना जो प्रश्न परदेशी पाठ्यपुस्तकांतून शिकावा लागतो, तो आपल्या घरात व्रताच्या रूपाने आधीच आहे. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात शेत, घर, सोने-चांदी, धन-धान्य, भांडीकुंडी यांची मर्यादा आधी ठरवायची असते. मर्यादा ठरवण्यासाठी आज काय आहे आणि किती लागते, हे दोन्ही मोजावे लागते. आर्थिक नियोजनाची पहिली पायरी याहून वेगळी नाही. गंमत म्हणजे या व्रतातून पळवाट काढणारेही प्राचीनच आहेत. घरांची संख्या वाढू नये म्हणून दोन घरांमधली भिंत पाडून एकच घर म्हणायचे, दोन शेतांमधला बांध काढून एकच शेत धरायचे, अशा युक्त्यांची अतिचार म्हणून श्रावकाचाराच्या जुन्या ग्रंथांत दखल घेतलेली आढळते. हिशेबातली चतुराई हजार वर्षांपूर्वीच्या आचार्यांनाही परिचित होती!

व्रत घेणे न घेणे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण ‘किती पुरे’ या प्रश्नाचे उत्तर आकड्यात लिहिले गेले, की सल्ल्याचे स्वरूप बदलते. दरमहा घरखर्च ६०,००० रुपये, मुलाचे शिक्षण अमुक, म्हातारपणाची तजवीज तमुक, असे मांडल्यावर कित्येक कुटुंबांच्या ध्यानात येते, की त्यांना शेजारच्या पेढीइतका परतावा मिळवण्याची गरजच नाही. वायदेबाजारात रात्र जागवण्याचीही नाही. सल्लागाराच्या दृष्टीने हा धंदा मारणारा सल्ला आहे, कारण असमाधानी ग्राहक जास्त उलाढाल करतो.

याच ओघात आणखी एक छोटी गोष्ट. आपल्या कित्येक श्रावक कुटुंबांना मद्य, मांस, तंबाखू यांच्या व्यापारात पैसा नको असतो. निर्देशांकावर आधारित फंड स्वस्त आणि सरळ असतात हे खरे, पण निफ्टी ५० मध्ये तंबाखूचा मोठा व्यवसाय असलेली कंपनीही आहे. ग्राहकाला हे सांगून निर्णय त्याच्यावर सोडावा. न सांगणे हा लपवण्याचाच प्रकार झाला.

बाजार पडतो तेव्हा

२३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्क्यांहून अधिक कोसळून २५,९८१ वर बंद झाला. दोनच महिन्यांपूर्वी तो ४२,००० च्या वर गेला होता. दुसऱ्या दिवशी रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. त्या आठवड्यात व्यापारी कुटुंबावर आलेले संकट नोकरदारावरच्या संकटाहून वेगळे होते, हे फारसे बोलले गेले नाही. ज्या नोकरदाराचा पगार चालू राहिला, त्याची फक्त गुंतवणूक पडली. व्यापाऱ्याचे दुकान बंद, उधारी अडकलेली आणि गुंतवणूकही पडलेली, हे सारे एकाच वेळी. व्यापाऱ्याचे उत्पन्न मुळातच समभागासारखे वर-खाली होणारे असते. त्यावर त्याने घराचा सगळा पैसाही समभागांत घातला, तर तो एकाच जोखमीवर दुहेरी पैज लावतो. नोकरदाराला सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी ठेवा म्हणतात, व्यापाऱ्याने निदान एक वर्षाचा ठेवावा, असे मी सांगेन. त्या मार्चमध्ये ज्यांच्या घरखात्यात असा वर्षाचा खर्च होता, त्यांना काहीही विकावे लागले नाही. ३१ डिसेंबर २०२० ला सेन्सेक्स ४७,७५१ वर होता. ज्यांना मार्चअखेर कामगारांचे पगार आणि मालाचे पैसे देण्यासाठी फंड विकावे लागले, त्यांना हा आकडा वाचूनही समाधान नाही.

त्या दिवसांत सल्लागारांनी काय केले? चांगल्या सल्लागारांनी फोन उचलले. एवढेच. सकाळपासून रात्रीपर्यंत एकच वाक्य निरनिराळ्या काकांना, मामांना, व्याह्यांना सांगायचे : थांबा. बाजार केव्हा वर येईल हे त्यांनाही माहीत नव्हते, आणि माहीत असल्याचे सोंग न करणारे थोडे होते.

कपाट उघडल्यावर

या कामाची खरी कसोटी कुटुंबप्रमुख गेल्यानंतर लागते. दहा-बारा दिवसांनी कपाट उघडले जाते. पॉलिसी, पतसंस्थेच्या पावत्या, जुन्या कंपन्यांची समभागपत्रे, हातउसने दिल्याच्या चिठ्ठ्या, भिशीची वही. पत्नीला यातले काहीच ठाऊक नसते, आणि मुलगा परगावी नोकरीला असतो. ठेवींवर दहा वर्षे कोणी दावा केला नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते. ती शोधण्यासाठी ऑगस्ट २०२३ पासून ‘उद्गम’ हे संकेतस्थळ आहे. लाभांश सात वर्षे उचलला गेला नाही, तर तो गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातो, आणि समभागही त्याच वाटेने जातात. परत मिळवता येतात, पण एका विधवेने एकटीने करण्याजोगे ते काम नाही.

नॉमिनी म्हणजे मालक, हा गैरसमज सर्वत्र आहे. बँकेतील ठेव किंवा समभाग यांचा नॉमिनी रक्कम स्वीकारतो, मालकी मात्र मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे ठरते. समभागांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असल्यास त्यांना लाभाचा हक्कही मिळतो. म्हणजे एकाच कपाटातील दोन कागदांना दोन निराळे नियम! जैन कुटुंबांना १९५६ चा हिंदू वारसा कायदाच लागू आहे. मृत्युपत्र नसेल, तर पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान वाटा मिळतो. ‘दुकान मुलाचे’ हे आपण गृहीत धरतो, कायदा धरीत नाही. लग्न झालेल्या बहिणीशी वीस वर्षांचे प्रेमाचे नाते एका न लिहिलेल्या कागदामुळे न्यायालयात गेल्याची उदाहरणे प्रत्येक गावात आहेत. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक असते, दोन साक्षीदार लागतात. लागते ते विषय काढण्याचे धैर्य, आणि ते घरातल्या माणसाला होत नाही. ‘अशुभ बोलू नकोस’ हे वाक्य मुलाला ऐकावे लागते. सल्लागाराला बाहेरचा म्हणून ते माफ असते, आणि त्याने या सवलतीचा उपयोग केला पाहिजे.

पतसंस्थेच्या पावत्यांविषयी बोलणे याहूनही अवघड. ४ फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. सहकारी पतसंस्थांतील ठेवींना ते नाही. पण संस्थेचे अध्यक्ष व्याही असतात, संचालक मंदिराच्या ट्रस्टमध्ये सोबत असतात, व्याज एक-दीड टक्का जास्त असते. ‘आपली माणसे आहेत’ या वाक्यापुढे आकडे हरतात. या संस्थांनी लहान व्यापाऱ्याला बँका दारात उभे करीत नव्हत्या तेव्हा आधार दिला, आणि अनेक आजही नेकीने चालतात. तरीही घराची सगळी पुंजी तेथे असणे योग्य नव्हे, हे त्याच व्याह्यांच्या मांडवात बसून सांगता आले पाहिजे. नात्यातले ग्राहक मिळाल्याने व्यवसाय सुरू होतो आणि नात्यामुळेच तो अवघड होतो.

ज्यांना या वाटेने जायचे आहे, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. फंडवितरणासाठी एनआयएसएमची पाच-अ ही परीक्षा आहे, नोंदणीकृत सल्लागार होण्यासाठी दहा-अ आणि दहा-ब. अभ्यास कठीण नाही, कठीण आहे ती पहिली पाच वर्षे. शुल्क घेणाऱ्या सल्लागाराला सुरुवातीला दुकानातल्या नोकराइतकेही मिळत नाही, आणि बरोबरीचा मित्र पॉलिसी विकून मोटार घेतो. घरच्यांनी हे समजून घेतले, तर मुलगा किंवा मुलगी टिकते. मुली या कामात अधिक याव्यात, असे मला मनापासून वाटते. वहिनी आणि काकू पैशाविषयीच्या शंका पुरुषासमोर विचारीत नाहीत. एखादी मुलगी समोर बसली, की ‘माझे दागिने बँकेत तारण आहेत का, हे मला कसे कळेल?’ असा प्रश्न ऐकू येतो, जो पेढीवरच्या कोणत्याही बैठकीत आलेला नसतो.

काही जाणते सल्लागार पहिली बैठक पेढीवर घेतच नाहीत. ते घरी जातात. चातुर्मासात चौविहार असलेल्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकलेली असतात, ती नंतरची वेळ त्यांना सोयीची वाटते. दोघे पती-पत्नी समोर बसल्याशिवाय ते वही उघडत नाहीत. पहिल्या तासात गुंतवणुकीचा शब्दही निघत नाही. कोणाचे किती देणे आहे, कोणासाठी आपण जामीन राहिलो आहोत, मूळ कागद कोठे आहेत, अडचण आली तर पहिला फोन कोणाला करायचा, एवढेच लिहून घेतले जाते. आणि ते वहिनींच्या हस्ताक्षरात लिहिलेले असावे, असा त्यांचा आग्रह असतो.